गोड परफ्यूम अंगावर करपतो, आंबतो की उडून जातो? दर उन्हाळ्यात येणाऱ्या तक्रारीचं निदान आणि उपाय

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की ही तक्रार हमखास कानावर येते. हिवाळ्यात पुण्या-नाशिकला गेलेलं कुणीतरी मॉलमधून कॅरॅमल, व्हॅनिला, चॉकलेट असल्या वासाचा परफ्यूम आणतं. दुकानात कागदाच्या पट्टीवर तो इतका खमंग असतो की खावासा वाटावा. जानेवारी-फेब्रुवारीत सगळं छान चालतं. मग एप्रिल उजाडतो, लग्नसराई सुरू होते, माहेरवाशिणी येतात, आणि तोच परफ्यूम जळगाव-भुसावळच्या उन्हात अर्ध्या तासात उग्र, करपट नाहीतर आंबूस वाटायला लागतो. काहींच्या अंगावर तर तासाभरात त्याचा मागमूस राहत नाही. "काही टिकतच नाही भो," हे मित्रांकडून आणि "मामा, माझ्या अंगालाच सेंट लागत नाही," हे भाचीकडून ऐकल्यावर सगळं एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

आधी एक दिलासा. तुमच्या अंगात खोट असण्याची शक्यता फार कमी आहे, आणि परफ्यूमही बहुतेक वेळा अस्सल असतो. फक्त 'बिघडला' एवढ्यावर थांबू नका. करपट, आंबूस, खवट, कुबट आणि 'येतच नाही' या पाच वेगळ्या तक्रारी आहेत. प्रत्येकीचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. माझ्या मते या भागात सगळ्यात मोठं कारण एकच आहे: उन्हाळ्यात परफ्यूमच्या सुरुवातीला वेळच मिळत नाही, तो थेट शेवटावर जाऊन बसतो. गोड परफ्यूमचं सगळं वजन शेवटाकडेच असल्यामुळे हे त्याच्या बाबतीत फार जाणवतं.

या वासाचा मूळ स्वभाव

खाण्याच्या गोड पदार्थांची आठवण करून देणाऱ्या या परफ्यूमना गोरमाँ म्हणतात. व्हॅनिला परफ्यूममध्ये जुनीच. व्हॅनिलिन हा तिचा मुख्य गंधरेणू टीमान आणि हारमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ साली प्रयोगशाळेत तयार केला, आणि १९२५ च्या 'शालिमार' या परफ्यूममध्ये त्याहून काही पट तीव्र असलेलं एथिल व्हॅनिलिन भरपूर वापरलं गेलं. पण आज आपण ज्याला गोड परफ्यूम म्हणतो त्याची सुरुवात १९९२ च्या 'एंजल'पासून धरतात. थिएरी मुग्लेर या फ्रेंच फॅशन डिझायनरच्या नावाने निघालेला आणि ऑलिव्हिए क्रेस्प या परफ्यूमरने घडवलेला हा परफ्यूम. मुग्लेरला लहानपणच्या जत्रेतला गोड वास हवा होता. क्रेस्पने त्यासाठी एथिल माल्टॉल वापरलं. नाव अवघड असलं तरी वास ओळखीचा आहे: जत्रेत गुलाबी रंगाचे बुढ्ढी के बाल विकायला येतात ना, त्या गाडीभोवती दरवळतो तो हा. नुसता तो वास अंगावर किळसवाणा झाला असता. म्हणून त्याखाली पचौलीचा, आपल्याकडच्या पाच या सुवासिक वनस्पतीच्या कुळातला, मातकट आणि कडसर वास भरपूर घातला. गोड आणि कडसर यांची ही जोडी नंतरच्या कितीतरी परफ्यूमनी उचलली.

हे सांगायचं कारण असं, की ज्याला आपण 'बिघाड' म्हणतो तो पुष्कळदा हा खालचा कडसर थर असतो. तो मुद्दाम ठेवलेला असतो. थंड दुकानात तो दोन तासांनी हळूच पुढे येतो, मेमध्ये वीस मिनिटांत.

परफ्यूम अंगावर बदलत जातो, कारण त्यातले घटक एका वेगाने उडत नाहीत. ढोबळ अंदाजासाठी उत्कलनबिंदू पाहा. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन १७६ अंशांच्या आसपास, आणि व्हॅनिलिन थेट २८५ अंशांना. अंगावर काही उकळत नाही, पण उडण्याचा क्रम साधारण हाच राहतो. आधी अल्कोहोल, मग बर्गमॉट-संत्र्यासारखे फळांच्या सालीचे वास, मग फुलं आणि मसाले, आणि शेवटी व्हॅनिला, कुमारिन (वाळल्या गवतासारखा गोडसर वास), पचौली, मस्क (कस्तुरीच्या वळणाचा वास) ही जड मंडळी तासन्‌तास बसून राहतात. दुकानात २४ अंशांच्या एसीत आपल्याला भुलवतात ती पहिली दहा मिनिटं. अंगावर वागवायचे असतात ते पुढचे सहा-आठ तास. जळगावात पारा ४५ च्या आसपास असताना ती पहिली दहा मिनिटं चप्पल पायात सरकवेपर्यंत संपलेली असतात.

निदान: दोन हात आणि एक कागद

कुठलाही उपाय करण्याआधी ही परीक्षा करा. याशिवाय केलेले सगळे अंदाज हवेतले असतात.

सुट्टीचा दिवस निवडा. सकाळी आंघोळ करा, त्या दिवशी पावडर, डिओ, क्रीम काही लावू नका. अंग पूर्ण कोरडं होऊ द्या. ड्रॉइंगच्या जाड कोऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. लग्नपत्रिका घेऊ नका, तिच्या शाईला आणि कधीकधी कागदालाच वास असतो. उजव्या हाताला कोपराच्या आतल्या बाजूला बिनवासाची व्हॅसलीन अगदी नखभर घेऊन चोळा, डावा हात तसाच कोरडा ठेवा. आता वीतभर अंतरावरून दोन्ही हातांवर आणि कागदावर एकेकच फवारा मारा. हात एकमेकांवर घासू नका. घासल्याने रेणू 'तुटतात' ही समजूत चुकीची आहे, पण घर्षणाच्या उबेने वरचा थर आणखी घाईने उडतो आणि दोन हातांची सरमिसळ होते, मग परीक्षा वाया जाते.

लगेच एकदा वास घ्या, मग दहा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी, रात्री झोपताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. नाक हाताला टेकवू नका, चार बोटं दूर ठेवा. प्रत्येक वेळी मोबाइलमध्ये एक-दोन शब्द लिहा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी, स्वयंपाकघरातून नुकतं बाहेर न आलेल्या माणसाला, तेच हुंगायला सांगा. त्यांचा शब्द तुमच्या शब्दाशेजारी लिहा. ही शेजारची नोंद सगळ्यात मोलाची ठरते, ते पुढे कळेल.

कॅरॅमल-पचौली घाटाचा परफ्यूम असेल तर साधारण असं दिसतं. पहिल्या मिनिटाला नाकात अल्कोहोल झोंबतं आणि त्यामागून फळाच्या सालीचा टवटवीत वास येतो. दहा मिनिटांनी साल जाते आणि गोडवा एकदम फुगतो. हा सगळ्यात भडक टप्पा. बरेच जण इथेच घाबरून हात धुतात. तासाभराने गोडव्याची धार बोथट होऊन आत कोको, मध किंवा भाजक्या दाण्यासारखं काहीतरी उमटतं, आणि खालून मातकट वास वर येतो. चार तासांनी कागद आणि हात यांत फरक पडू लागतो: कागदावर गोडवा सुटासुटा, रेखीव राहतो, हातावर तो गोल, मऊ आणि त्वचेच्या जवळ बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर बहुधा नुसती व्हॅनिला आणि पचौली. हा शेवट तुम्हाला आवडला नाही तर तो परफ्यूम तुमचा नाही. कितीही उपाय केले तरी होणार नाही.

आता नोंदी वाचा. कागद आणि दोन्ही हात एकसारखेच नकोसे झाले तर दोष अंगाचा नाही, परफ्यूमच तसा आहे किंवा जुना झालाय. कागदावर छान, कोरड्या हातावरून लवकर गेला आणि व्हॅसलीनच्या हातावर टिकला, तर त्वचा कोरडी आहे. कागदावर छान आणि दोन्ही हातांवर विचित्र, तर अंगावर आधीपासून दुसरं काहीतरी आहे, ते शोधायचं. आणि तुम्ही लिहिलं 'गेला', पण घरच्यांनी लिहिलं 'येतोय', तर परफ्यूम तिथेच आहे, तुमचं नाक थकलंय.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. नेहमीचं गणित असं, की त्वचा ३२ ते ३४ अंशांवर असते, खोली त्याहून थंड, म्हणून कागदावर वास सावकाश उलगडतो आणि अंगावर वेगाने. मे महिन्याच्या दुपारी हे गणित उलटतं. खोलीतच ४० अंश असेल तर कागदही ४० अंशांचा होतो, घामामुळे त्वचा मात्र त्याहून थंड राहते. अशा वेळी कागदच हाताच्या पुढे पळतो. म्हणून उन्हाळ्यात ही परीक्षा सकाळी सहा-सातला सुरू करा, आणि चार तासांपर्यंतच्या नोंदींवरच भर द्या.

तक्रार पहिली: करपट होतो

सगळ्यात जास्त येणारी तक्रार. पहिलं कारण म्हणजे मात्रा. हिवाळ्यात चार फवारे मारायची सवय लागलेली असते, तीच एप्रिलात चालू राहते. उष्णतेने तेवढेच चार फवारे दुप्पट जोराने हवेत येतात. एथिल माल्टॉल आधीच फार तीव्र. साध्या माल्टॉलपेक्षा, जे भाजलेल्या माल्टमध्ये आणि ब्रेडच्या करड्या सालीत आपोआप तयार होतं, ते चार ते सहा पट जोरकस असतं. इथे गुळाच्या पाकाचा हिशोब लक्षात ठेवा: एका ठरावीक बिंदूपर्यंत तो खमंग असतो, त्यापुढे एक पाऊल टाकलं की कडू. उन्हाळ्यात एक फवारा पुरे. आणि तो गळ्याला नको. गळ्यावरचा वास सतत नाकाखाली राहतो. पोटावर, कपड्याच्या आत मारा. तिथून वास हळूहळू वर येतो, कापडाने थोडा अडतो, आणि दहा मिनिटांचा तो भडक टप्पा बराच सुसह्य होतो. बाहेर पडायच्या आधी अर्धा तास लावलात तर तो टप्पा घरातच संपतो.

दुसरं कारण भाजक्या वासाचे रेणू. कॉफी, कोको, प्रालीन, शेंगदाणा असल्या छटांमागे पायराझिन नावाचे घटक असतात, आणि खरोखरच्या भाजक्या शेंगदाण्यातही तेच असतात. ते फार थोड्या मात्रेत नाकाला कळतात. वरचा फळाचा थर लवकर उडाला की ते उघडे पडतात. 'कॉफी' किंवा 'भाजके बदाम' मिरवणारा परफ्यूम तुमच्या अंगावर करपत असेल तर उन्हाळ्यापुरता त्याला कपाटात ठेवा, ऑक्टोबरनंतर काढा. त्यावर दुसरा परफ्यूम मारून तो 'सुधारायला' जाऊ नका.

तिसरं कारण फार थोड्यांना सुचतं: मेथी. मेथीच्या दाण्यातला खास वास सोटोलॉन नावाच्या घटकाचा असतो. हाच घटक अगदी सूक्ष्म मात्रेत जळक्या साखरेचा, काकवीचा वास देतो आणि मात्रा वाढली की सरळ मेथीचा. इमॉर्टेल नावाचं पिवळं फूल काही गोड परफ्यूममध्ये वापरतात, त्याचाही वास या वळणाचाच. आता गंमत बाजूला ठेवून लक्षात घ्या, की मेथी भरपूर खाल्ली तर तिचा वास घामातून बाहेर येतो. थंडीत बाळंतिणीसाठी केलेले मेथीचे लाडू घरातले सगळेच खातात. मधुमेहासाठी कुणी रोज भिजवलेली मेथी घेतं. अशा अंगावर कॅरॅमलचा परफ्यूम लावला की दोन काकव्या एकमेकींवर चढतात आणि वास जड, मसालेदार, थोडा जळका होतो. त्वचेत दोष नाही, खाण्यातला वास आहे. मेथी चालू असेल त्या दिवसांत दुधाळ किंवा नारळाच्या छटेचा परफ्यूम घ्या, काकवी-कॅरॅमल टाळा.

आणि धूर. डिसेंबर-जानेवारीत शेतात भरताचा बेत असतो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, भरीत आणि कळण्याची पुरी खाऊन सगळे संध्याकाळी परततात, आणि मग कुणीतरी म्हणतं की आज व्हॅनिला परफ्यूम धुरकट येतोय. तो येणारच. लाकूड, काड्या जळताना त्यातल्या लिग्निनपासून ग्वायकॉल निघतं, धुराच्या वासाचा तो एक मुख्य घटक. व्हॅनिलिन त्याच्याच घराण्यातलं आहे. कारखान्यात व्हॅनिलिन मोठ्या प्रमाणावर ग्वायकॉलपासूनच बनवतात. केसांत आणि स्वेटरमध्ये धूर बसलेला असताना व्हॅनिला लावली की नाक दोघांना एकत्रच वाचतं. मला स्वतःला हा मेळ फार आवडतो. पण लग्नाला जायचं असेल तर आधी केस धुवा.

तक्रार दुसरी: येतच नाही

इथे आधी ठरवायचं की परफ्यूम गेला की नाक गेलं. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं नाक काही मिनिटांतच कमी करतं. व्हॅनिला आणि मस्क यांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण ते तासन्‌तास एकसुरात येत राहतात. शिवाय काही मस्क रेणू काही माणसांना जन्मतःच कळत नाहीत. तुम्हाला न येणारा वास शेजारच्याला लख्ख येत असतो. एसटीत खिडकी बंद करून बसलेल्या सहप्रवाशाला तुमच्या सहा फवाऱ्यांनी मळमळत असतं आणि तुम्हाला वाटत असतं की काहीच लावलं नाही. म्हणून 'येत नाही' वाटलं की पुन्हा फवारा मारू नका, आधी दुसऱ्याला विचारा. उघड्या हवेत दहा मिनिटं फिरून या. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याचा फायदा साध्या हवेपेक्षा जास्त होत नाही. वासाचं काही न लावलेला स्वतःचा दंड हुंगणं तेवढंच उपयोगी.

नंदुरबारच्या मंडळींसाठी वेगळं सांगतो. मिरचीच्या हंगामात पथाऱ्यांवर मिरची वाळत असते आणि हवेत तिखटाची धूळ असते. तिखट हा नुसता वास नाही, ती नाकातल्या वेदनेच्या मज्जातंतूंना होणारी जळजळ आहे. नाक वाहत असताना, चुरचुरत असताना कोणताही नाजूक वास नीट कळत नाही. त्या दिवसांत घेतलेला निर्णय पक्का मानू नका.

घरचेही म्हणत असतील की येत नाही, तर तो खरंच गेलाय. मग पहिला संशय कोरड्या त्वचेवर. परफ्यूमचे जड घटक तेलकट थरात विरघळून टिकतात. आपला उन्हाळा कोरडा, वारा गरम, आणि त्वचा ओढली गेलेली. तिथे धरून ठेवायला काही नसतं. त्यात बोअरचं जड पाणी. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसतो तोच थोडा अंगावरही राहतो, आणि त्वचा खरखरीत होते. परीक्षेच्या दिवशी आणि महत्त्वाच्या दिवशी शेवटचा तांब्या नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा घ्या. अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, आणि परफ्यूम मारायच्या जागी नखभर व्हॅसलीन. एवढ्यावर बहुतेकांचा प्रश्न सुटतो.

बाटलीवर काय लिहिलंय तेही पाहा. ओ द तॉलेतमध्ये सुगंधी अर्क साधारण ५ ते १५ टक्के असतो, ओ द परफ्यूममध्ये १५ ते २० टक्क्यांच्या आसपास. बॉडी मिस्टमध्ये याहून बराच कमी. मिस्टकडून दिवसभराची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

तक्रार तिसरी: आंबूस, खवट, कुबट

आंबूस वास जवळजवळ नेहमी घामाचा. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू, विशेषतः काखेतले, त्याचं विघटन करतात तेव्हा तो येतो. त्यावर व्हॅनिला मारली की फाटलेल्या दुधासारखा वास होतो, आणि हा वास कुणालाच माफ करता येत नाही. काखेत परफ्यूम मारू नका. तिथे बिनवासाचं काहीतरी लावा. वासाचा डिओ आणि वर गोड परफ्यूम हा मला सगळ्यात वाईट जोड वाटतो. डिओतला तो सागरी, थंड वास आणि कॅरॅमल एकमेकांना मारतात. तक्रार करणाऱ्यांना मी पहिला प्रश्न डिओचाच विचारतो. आणि कालचाच शर्ट पुन्हा घातला असेल तर त्यात कालचा घाम आणि कालच्या परफ्यूमचा तळ दोन्ही बसलेले असतात, नवा फवारा त्यावर पडतो.

त्वचेच्या पीएचवर लोक सगळं ढकलतात. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच ५ च्या आसपास, आणि माणसामाणसांतला थोडासा फरक व्हॅनिलाला आंबवू शकत नाही. कोरडेपणा, ऊब, घाम आणि आधी लावलेल्या गोष्टी, यांतच उत्तर सापडतं.

खवट वास आला तर तेल तपासा. केसांना लावलेलं खोबरेल मानेवर उतरतं, आणि जुन्या तेलाचा खवटपणा नारळाच्या छटेच्या परफ्यूममध्ये एकदम उठून दिसतो. त्या छटेसाठी परफ्यूममध्ये बहुधा लॅक्टोन वापरलेले असतात, ते दुधाळ-खोबऱ्याच्या वासाचे. नाक लगेच त्यांची सांगड खवट खोबऱ्याशी घालतं. व्हॅसलीन खनिज असल्यामुळे खवट होत नाही, म्हणून तिचा आग्रह.

कुबट वास आला तर कूलरकडे बघा. टाकीतलं पाणी आठवडाभर बदललेलं नाही, वाळा किंवा जाळी शेवाळली आहे, आणि त्या ओल्या हवेत तुम्ही तयार होताय. ओलसर हवेत वास जास्त जाणवतात, कूलरचाही आणि तुमचाही. टाकी रिकामी करून धुवा, वाळा उन्हात टाका. परफ्यूम मारताना कूलर दोन मिनिटं बंद ठेवा, नाहीतर अर्धा फवारा भिंतीवर जातो.

डाग, रंग आणि ठेवण्याची जागा

व्हॅनिलिन हवा आणि उजेडाने पिवळं-तपकिरी होत जातं. म्हणून व्हॅनिला जास्त असलेला परफ्यूम बाटलीत गडद होतो. नुसत्या रंगावरून तो फेकू नका. वास घ्या. सुरुवातच रंगाच्या डब्यासारखी, टर्पेंटाइनसारखी येत असेल तर वरची फळाची तेलं हवेने खराब झाली आहेत. तरीही दहा मिनिटांनंतरचा भाग पुष्कळदा शाबूत असतो.

पांढऱ्या कपड्यांवर मात्र हा परफ्यूम कधीच मारू नका. पांढरा शर्ट, धोतर, टोपी यांवर आज काही दिसत नाही, धुऊन-वाळवून कपाटात ठेवल्यावर काही दिवसांनी पिवळट ठिपके उमटतात आणि ते सहसा जात नाहीत. रेशीम आणि जरीवरही नको. कापडावर लावायचाच असेल तर गडद सुती कापडाच्या आतल्या बाजूला, आधी कोपऱ्यात तपासून.

बाटली खोक्यासकट आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. ज्यांचं घर धाब्याचं आहे त्यांना मातीच्या छताखालची ती जागा फार चांगली मिळते. पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत, खिडकीतल्या आरशासमोर एक उन्हाळा काढला की परफ्यूमची सुरुवात हमखास मरते.

पुढची खरेदी कशी करायची

पूर्ण बाटली घेऊ नका. ५ ते १० मिलीची छोटी बाटली किंवा सॅम्पल घ्या, आणि दुकानात हातावर मारून तिथून निघून जा. बाजार करा, उन्हात फिरा, जेवा, आणि चार तासांनंतरच्या वासावर निर्णय घ्या. हिवाळ्यात आवडलेला परफ्यूम एकदा मार्चच्या दुपारी लावून बघेपर्यंत मोठी बाटली मागवू नका. नकलांमध्ये बहुतेक वेळा एथिल माल्टॉल आणि व्हॅनिलिनचा भरणा असतो, मधला भाग पातळ. दहा मिनिटांनी आणि चार तासांनी अगदी तेच ते गोड येत राहिलं, मधे काही घडलंच नाही, तर पैसे त्या हिशोबानेच मोजा.

मे महिन्यात दिवसा कॅरॅमल नकोच, हे माझं ठाम मत. दिवसा वाळ्याचं किंवा चंदनाचं अत्तर घ्या. त्यात अल्कोहोल नसतं, ते सावकाश उलगडतं आणि आपल्या कोरड्या उन्हात शांत राहतं. गोड परफ्यूम रात्री नऊनंतर, हवा थोडी उतरल्यावर, एकच फवारा. आखाजीला तर घरात खापरावर मांडे होत असतात, पुरण शिजत असतं, आमरस काढलेला असतो. त्या घरात आणखी गोडाची गरज नसते, तिथे वाळाच शोभतो.

फळांच्या सालीची तेलं असलेला परफ्यूम उघड्या अंगावर मारून थेट उन्हात जाऊ नका. बर्गमॉटसारख्या तेलातले काही घटक उन्हाशी मिळून त्वचेवर काळपट डाग आणू शकतात. आणि लावल्या जागी खाज, लाली, पुरळ दिसलं तर वरचं काहीही करत बसू नका. धुऊन टाका, वापर थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना बाटली किंवा तिच्यावरच्या घटकांच्या यादीचा फोटो सोबत न्या, म्हणजे त्यांना कारण शोधायला सोपं जाईल.